माझ्या वाटणीच्या पोळ्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी फजिती मीच सांगतो, कारण आमच्या हिच्या तोंडून ऐकलीत तर दुप्पट ऐकाल.

पोळी खाल्ली की माझं पोट बिघडायचं. वजन उतरत चाललेलं, पँट दोरीनं बांधायची वेळ आलेली. म्हणून गहू सोडून मी आपणहून तांदळाच्या भाकरीवर आलेलो. जरा बरं वाटत होतं. तरी ही मला डोंबिवलीतल्याच एका डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाला, गव्हात ग्लूटेन म्हणून काही असतं, ते काहींच्या आतड्याला सोसत नाही. त्या रोगाला सिलिॲक म्हणतात, रक्तावरून कळतो. पण आधी दीड महिना रोज पोळी खायची. गहू पोटात नसेल तर रोग असूनही रिपोर्ट साफ येतो.

मी चौथी शिकलेलो, पण खुळा नाही. ज्यानं पोट बिघडतं तेच रोज खा? आमच्या गावात कापायच्या बकऱ्याला असाच चारा घालतात. वरच्या मजल्यावर ह्याच डॉक्टरच्या खाटा रिकाम्या होत्या, ते मी येतानाच बघून ठेवलेलं. कळव्याच्या मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर सांगतो तसं करा. म्हणजे तोही सामील!

मग मीच मार्ग काढला. पोळ्या बागेत बसून खातो असं सांगून डबा घ्यायचा, आणि नाक्यावर एक बाई गाय घेऊन बसते, त्या गाईला घालायच्या. कंपनीच्या गेटवर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात माझी अख्खी नोकरी सरली, आणि आता मीच घरातून पोळ्या पळवत होतो. पोट शांत. गहू मानवला म्हणून हिनं दोन पोळ्या वाढवल्या. गाय गलेलठ्ठ झाली.

दीड महिन्यानं रक्त दिलं, रिपोर्ट साफ आला. हिनं आनंदानं पुरणपोळ्या केल्या. आता नको कसं म्हणणार? तुपाबरोबर तीन खाल्ल्या. पुढचे दोन दिवस मी कुठे होतो ते विचारू नका.

परत डॉक्टरकडे निघालो, तर नाक्यावर गाईनं थेट माझ्या पिशवीत तोंड घातलं. गाईवाली हिला म्हणाली, "काकी, दोन दिस काका पोळ्या घेऊन नाय आले. बरं नाय काय त्यांना?"

हिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. तेव्हाच मला धडकी भरली.

बोलली ती डॉक्टरसमोर. "गहू खाल्ला गाईनं आणि रक्त दिलं ह्यांनी."

डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. गव्हाशिवाय रिपोर्ट साफ येतो हे त्याचंच म्हणणं मी दीड महिना खपून खरं करून दाखवलेलं. तपासणी फुकट, रोग आहे की नाही ते अजून अधांतरी. पुन्हा पहिल्यापासून पोळ्या खा म्हणाला.

आता जेवताना ही समोर खुर्ची ओढून बसते. काल मी विचारलं, "माझ्यावर भरवसा नाही का?"

"आहे ना," ती म्हणाली. "आ करा."