न जमणारी बाई

चिंचणीच्या किनाऱ्यावर बांबूंमध्ये ओढलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. हंसा हे काम नवरा बुडण्याआधीही करत होती आणि बुडाल्यानंतरही करत राहिली. दादू गेल्याने कामात काही फरक पडला नाही, खाणारं एक तोंड तेवढं कमी झालं, असं ती स्वतःच म्हणायची. ऐकणारा गप्प झाला की तिला बरं वाटायचं. लोकांनी हळहळत बसण्यापेक्षा ते परवडलं.

मुलगा निमेश होडीवर गेला नाही. ते तिनेच होऊ दिलं नाही. तो शिकला आणि बोईसरला एका कंपनीत लागला. ही कंपनी दुकानदारांना स्वतःची वेबसाइट स्वतःच बनवता येईल असं साधन विकत असे. मिठाईवाला असो की शिंपी, त्याने स्क्रीनवर फोटो, नाव, फोन नंबर असे तयार चौकोन उचलायचे आणि पानावर मांडायचे, की झालं त्याचं दुकान जगाला दिसतं. निदान जाहिरातीत तरी तसं होतं. प्रत्यक्षात चौकोन धरायची जागा मुंगीएवढी होती. चुकून दुसऱ्या चौकोनावर हात सुटला की पहिला त्याच्या पोटात शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. लोक वैतागून सोडून द्यायचे. निमेशने सगळी मांडणी नव्याने केली होती. तिच्यात ओढाओढ नव्हती. पानावर जिथे बोट ठेवाल तिथे साधन विचारायचं, इथे काय हवं? सांगितलं की बाकीचं आपोआप सरकून जागा करून द्यायचं.

निमेश तात्पुरता होता. मालक दर्पणभाईंनी त्याला सांगितलं होतं, "जुनी मांडणी लोकांना जमत नाही आणि तुझी जमते, हे माझ्या डोळ्यांसमोर दाखव. दाखवलंस तर तुझी मांडणी घेऊ, आणि तुलाही पक्का करू. नाहीतर महिनाअखेरीला मोकळा हो."

हे सगळं हंसाला ठाऊक होतं, पण तिच्या परीने. पोराची नोकरी पक्की व्हायची आहे आणि त्यासाठी ऑफिसात काही माणसांची चाचणी आहे, एवढंच.

"आये, तुला एक दिवस यायला लागेल," निमेश म्हणाला. "सांगतील ते करायचं, बस."

"परीक्षा हाय?"

"तसंच समज." तो मोबाइलमध्ये बघत होता. "आणि तू माझी आई हाय ते बोलू नको. मी सांगितलंय, गावची एक मासळीवाली आणतो म्हणून."

"बरा," ती म्हणाली. परीक्षेत नातं सांगायचं नसतं, हे तिला पटलं. लागलं ते वेगळं.

शेजारी चुलत सून सलोनी राहायची. ती ब्लाउज शिवायची आणि त्याच साधनावर तिने आपलं पान केलं होतं. ते करताना ती दोनदा रडली होती, तरी केलं होतं. दुपारी बोंबील दोऱ्यांवर चढले की हंसा हात धुऊन तिच्याकडे जाऊन बसू लागली.

"काकी, माऊस हाय तो, बोंबील नाय! नरड्याला काय धरता?"

"तू दाखव गो. तोंड नको चालवू."

"सायेब होणार काय तुमी आता? आमच्याकडं ब्लाउज टाकाल ना तवा?"

"तुझ्याकडचा ब्लाउज घालून सायेबीण झालेली कोन बघितली तू?"

सलोनी हसायची आणि शिकवायची. हंसाला त्यातलं समजत काहीच नव्हतं. ती हाताला शिकवत होती. वर डावीकडे, चौकोन धरायच्या सहा ठिपक्यांवर, दाबून, खाली ओढून, निळी रेघ आली की सोड. नंतर दुसरा चौकोन. रात्री पडल्या पडल्या तिचं बोट गोधडीवर तसंच फिरायचं. आपण पास झालो की पोरगा पक्का, या एका वाक्यावर ती झोपायची.

चाचणीच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. अंगाचा वास जावा म्हणून तिने लिंबू चोळलं होतं. ऑफिस एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. चारुता नावाच्या मुलीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हंसाबाई, घाबरू नका हं. ही तुमची परीक्षा नाही. आम्ही या मांडणीची परीक्षा घेतोय. चुकलात तरी चालेल."

आजवर हंसाला घाबरू नका असं दोघांनीच सांगितलं होतं. एक दादूचा पत्ता लागत नसताना आलेला पोलीस आणि दुसरा तिचं गर्भाशय काढणारा डॉक्टर. ती आणखी ताठ बसली.

काचेपलीकडे दर्पणभाई उभे होते, शेजारी निमेश. हंसाच्या स्क्रीनवर जे चालेल ते त्यांना तिकडे दिसत होतं.

चारुता म्हणाली, "सुक्या मासळीच्या दुकानाचं पान करा. फोटो, नाव, फोन."

हंसाने केलं. तिचा हात कुठेच अडखळला नाही. फोटो बसला, नाव बसलं, फोन बसला. चारुताने काचेकडे पाहिलं. दर्पणभाईंच्या भुवया वर गेल्या होत्या. हंसाने पोराकडे पाहून अगदी थोडं हसून घेतलं, नातं उघडं पडणार नाही इतकं. निमेश हसला नाही. तिला वाटलं, शहाणा आहे, सांभाळतोय.

मग चारुताने दुसरी मांडणी लावली. ही हंसाने कधी पाहिली नव्हती. पान कोरं होतं. डावीकडे चौकोन नव्हते आणि सहा ठिपकेही नव्हते. तिचा हात ठिपके होते त्या जागी जाऊन मोकळाच फिरू लागला, दात पडल्यावर जीभ फिरते तसा. स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहून आलं होतं, इथे काय हवं? तिने ते वाचलं. चौथीपर्यंतचं वाचन तिला होतं. पण हा आपल्यालाच पडलेला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर द्यायचं आहे, हे तिच्या डोक्यात शिरेना. ती ठिपके शोधत राहिली.

"थांबायचं असेल तर थांबू या," चारुता हळूच म्हणाली.

काचेपलीकडे दर्पणभाई निमेशच्या पाठीवर थाप मारून निघून गेले. ती थाप शाबासकीची आहे, असं हंसाला वाटलं.

संध्याकाळी तिने पोरासाठी ताज्या बोंबलांची आंबट कढी केली. निमेश आला आणि ताटाकडे न बघता बसला.

"पहिला पेपर बरा गेला ना?" हंसाने विचारलं. "दुसरा जरा कठीण व्हता. पन पहिल्याला मी चुकलीच नाय. सलोनीनं शिकवला मला. रोज जायची मी तिच्याकडं."

निमेशने मान वर केली. "कोणी सांगितलं होतं शिकायला?"

"परीक्षा व्हती ना रे. तुझा पक्का व्हायचा व्हता."

त्याने ताट बाजूला सारलं. मग बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला कळलं असतं काय करायचं ते.

"तुला का नेलं होतं ठाऊक हाय? तुला काय येत नाय म्हणून. जुनी तुला जमायला नको होती, आणि नवी आपोआप जमायला पाहिजे होती. बाकी सगळ्यांची चाचणी झाली होती, दर्पणभाई तुझ्यासाठी थांबले होते. खरी गिऱ्हाईक ही, म्हणत होते. काय येत नाय, एवढंच काम होतं तुझं. आणि ते पण नाय जमलं तुला."

हंसाने कढीवर झाकण ठेवलं.

निमेश उठला. पिशवीतून लॅपटॉप काढून त्याने तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि जुनी मांडणी लावली. मग मोबाइल डब्याला टेकवून तिच्या चेहऱ्यासमोर उभा केला.

"मासळीचं नको. मंडपवाल्याचं पान कर. वर नाव, खाली दोन फोटो शेजारी शेजारी."

"हा मला शिकवला नाय तिनं."

"म्हणूनच."

तिने सुरुवात केली. नाव बसलं. पहिला फोटो बसला. दुसरा ओढला तो पहिल्याच्या पोटात गेला. तिने परत ओढला, तेव्हा नावही गेलं. "माफ कर रे बाबा," ती मशीनला म्हणाली. आवाज ऐकून सलोनी दारात आली.

"काकी, कडेला सोडा, निळ्या रेघेच्या..."

"वहिनी, बोलायचं नाय," निमेश म्हणाला. "रेकॉर्ड होतंय."

 सलोनी खाली मान घालून निघून गेली.

हंसाने काय काय केलं ते तिलाच सांगता आलं नसतं. पानावर काहीच उरलं नव्हतं, तरी तिचं बोट ओढतच होतं. शेवटी तिने पदर तोंडावर घेतला.

"पदर काढ," निमेश म्हणाला. "चेहरा दिसत नाय."

तिने काढला.

तो व्हिडिओ त्याने दुसऱ्या दिवशी दर्पणभाईंना दाखवला. बाई शिकवून आणलेली होती, तिची चाचणी धरू नका, म्हणाला. बाईचं असं रेकॉर्डिंग तुझ्याकडे कसं, हे त्यांनी विचारलं तेव्हा आई असल्याचंही सांगावं लागलं. दर्पणभाई रागावतील म्हणून तो तयारीत होता. पण त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"अरे, आई? मग लपवलंस कशाला? आईसाठी मुलाने साधन सोपं केलं! याच्याहून भारी काय विकणार आपण?"

नवी मांडणी घेतली गेली. पालघरला हॉल भाड्याने घेऊन समारंभ ठेवला. हंसाला पुढच्या रांगेत बसवलं आणि तिला नारळ दिला. दिवे मंद झाले आणि भिंतीवर तिचा चेहरा आला, घराच्या दाराएवढा मोठा. आपला चेहरा एवढा मोठा आणि एवढा मूर्ख तिने कधी पाहिला नव्हता. "माफ कर रे बाबा," भिंतीवरची हंसा म्हणाली आणि हॉल हसला. हसणं वाईट नव्हतं. लोक प्रेमाने हसत होते, लहान पोर तोल जाऊन बसलं की हसतात तसे. शेजारच्या बाईने तिचा हात दाबून म्हटलं, "किती गोड आहात हो!" पदर काढ हे शब्द कापून टाकले होते. पदर आपणच काढल्यासारखा दिसत होता.

मग भिंतीवर दुसरी बाई आली. हंसासारखंच लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. नव्या मांडणीत बोट ठेवून ती हसत हसत पान तयार करत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना ती हंसाच वाटली. हंसाने तिचे हात बघितले. एकाही बोटावर कोयत्याचा वण नव्हता.

"ती कोन रे?" तिने दुसऱ्या बाजूला बसलेल्या निमेशला विचारलं.

"मॉडेल हाय. मुंबईची."

"मला जमला नसता?"

"वेळ नव्हता, आये."

नंतर दर्पणभाईंनी माइकवर निमेशचं नाव घेतलं. कंपनीत कायम करत आहोत, म्हणाले. निमेश स्टेजवर गेला, खाली वाकला, पत्र घेतलं. हंसाने टाळ्या वाजवल्या. नारळ मांडीवरून घरंगळला तो तिने पायाने अडवला आणि टाळ्या वाजवतच राहिली. पोरगा पक्का झाला होता. याच्यासाठीच तर सगळं होतं. तिने मनातल्या मनात समुद्राला सांगितलंसुद्धा, हा तुला मिळणार नाही.

"आता मायलेकाचा एक फोटो!" चारुता म्हणाली. हंसाला स्टेजवर नेलं. पुढ्यात उंच टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. त्याच्यावर पान कोरं होतं. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा त्याच्यावर काहीतरी करताना दिसा."

समोर सगळे वाट बघत होते. हंसाने हात उचलला आणि मध्येच थांबवला. ती निमेशच्या कानाशी वाकली.

"कसा करू?" तिने हळू आवाजात विचारलं. "जमतंय तसा, का जमत नाय तसा?"

निमेशने कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही.

"काय करू नको," तो म्हणाला. "नुसती उभी राहा."

ती नुसती उभी राहिली.