दाजी भांडेना

आपला आजार कुठवर आला आहे, हे आर्थरला डॉक्टरांच्या आधी शेजारच्या दाजीने कळवले. दोघांच्या बांधावर एक फणस. खोड दाजीच्या बाजूला, फांद्या आर्थरच्या अंगणात. दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून त्या झाडावरून भांडण चालू होते आणि दोघांचीही तब्येत त्यावर उत्तम राहिली होती. यंदा मात्र दाजी मधल्या दगडी गडग्याशी आला, मान खाली घालून म्हणाला, "झाड तुझाच रे. सगळे फणस तूच घे," आणि गेला.

"रोझालिना," आर्थरने बायकोला हाक मारली, "मी मरतंय वाटता."

"कोणी सांगल्यान?"

"दाजीन."

रोझालिना आत जाऊन रडली, मग पेज घेऊन आली. बिनमिठाची. पोटातली गाठ औषधांना दाद देत नव्हती, हे खरेच होते.

कसालहून संचिता आली. घरोघरी जाऊन असल्या आजाऱ्यांचे दुखणे सांभाळणारी नर्स. दुखते किती, झोप कशी, सगळे विचारून झाल्यावर म्हणाली, "काका, तुमका सगळ्यांत जास्त काय होया?"

नवरा आता पाद्र्याचे नाव घेणार, म्हणून रोझालिनाने ओढणी सावरली.

"दाजीक भांडूक सांग," आर्थर म्हणाला.

संचिता गडग्यापलीकडे गेली.

"मरणाऱ्या माणसाशी भांडू?" दाजी म्हणाला. "माका लाज नाय?"

"ते अजून जित्ते आसत. तुम्हीच तेंका आधी मारून ठेवलास."

तिने गोळीची वेळ अशी बदलली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आर्थर पडवीत उशांना टेकून बसू शकला. पेजेत मीठही पडले. भांडायचे म्हणजे तोंडाला चव हवी. दाजी आला, खाकरला.

"रे आर्थर, झाड माझा!"

"आवाज नाय तुका? मोठ्यान बोल!"

"माझा म्हणतंय!"

"मेल्या, फांदी खंय येता?"

"आणि मुळां? मुळां कोणाचा खत खातत?"

आर्थरला इतके बरे कित्येक दिवसांत वाटले नव्हते. गाडी दाजीच्या वडिलांपर्यंत पोचली. तेवढ्यात दाजी म्हणाला, "पिकले की बघू," आणि जीभ चावून उभा राहिला. फणस पिकायला मे उजाडणार होता. आर्थरकडे मे नव्हता.

मग आर्थर म्हणाला, "पिकूची वाट कित्याक? कोवळोच काढ. भाजी करूया. थोडो तुका, बाकी माका."

"थोडो कित्याक?" दाजी ओरडला. "झाड माझा!"

"हां," आर्थर उशीवर रेलला. "आता कसो बोललस. उद्या याच टायमाक ये."