मागचे कर्णे

जावईबापूंनी डावीकडचं बटण वर सरकवायचं होतं, त्यांनी उजवीकडचं सरकवलं. बोटभर चूक, पण तेवढ्याने ऐन रंगात आलेले राष्ट्राध्यक्ष वाक्याच्या मध्येच अडखळले.

जावईबापू खरे भूगोलाचे मास्तर. सुट्टीत सासुरवाडीला आले आणि सासऱ्यांचा मदतनीस आजारी पडला म्हणून सभेच्या मैदानावर वेठीला धरले गेले. सासऱ्यांना सगळे कर्णेमामा म्हणत. लग्न असो, सामना असो, आवाज पोचवायचा तो मामांच्याच कर्ण्यांनी. एका जागी बसणं मामांच्या रक्तातच नव्हतं. जेवता जेवता उठायचे, "कुठून तरी खरखर येतेय," म्हणत खिडक्या तपासून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "माझं लग्न यांच्या कानांशी लागलंय, बाकीचे हे नुसते फिरत असतात."

राष्ट्राध्यक्षांवर मामांचा भारी जीव. दोनदा मत दिलेलं, तिसऱ्यांदा द्यायला हात शिवशिवत होते. त्यात आजची दुपारची सभा नीट पार पडली तर निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या सभा मिळणार होत्या. म्हणून मामा पक्षाचा बिल्ला लावून सकाळपासून मैदानभर वाऱ्यासारखे फिरत होते आणि त्यांच्यामागे वायरचं भेंडोळं घेऊन जावईबापू.

सभेची रीत ठरलेली. पुढे कठड्याच्या आत पक्षाचे पक्के लोक, त्यांच्या डोक्यावर टांगलेले माइक. टाळ्या पडल्या की त्यांचा आवाज वाढवून राष्ट्राध्यक्षसाहेबांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये सोडायचा. त्याने साहेबांना चेव यायचा. पार मागे, फाटकाजवळच्या कर्ण्यांपाशी, आणखी एक माइक होता. तो फक्त मामांच्या कानासाठी, आवाज तिथवर स्वच्छ येतोय की नाही हे ऐकायला. जावईबापूंनी नेमका तोच साहेबांच्या पायाशी सोडला.

"चल गं, हे आपल्याशी बोलतच नाहीयेत."

"गेल्या खेपेला मी मत दिलं होतं यांना. म्हटलं, पाण्याचं काहीतरी बोलतील."

"पुढच्यांचं लग्न आहे बाबा. आपल्याला वऱ्हाडातसुद्धा धरलेलं नाही."

पाठोपाठ एक लांबलचक जांभई. मामांनी झडप घालून बटण खाली ओढलं, पण बाण सुटला होता. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मैदानाच्या टोकाकडे बोट रोखलं.

"ते मागे उभे आहेत ना, ते आपले नव्हते, आपले नाहीत, आणि त्यांची आपल्याला गरजही नाही!"

कठड्यातले लोक गरजले आणि सगळ्यांनी एकदम वळून मागे पाहिलं. आता मामांचं टेबलही मागेच, फाटकाला लागून. सगळ्यांच्या नजरा पहिल्यांदा आदळल्या त्या मामांवर. मामा ओशाळून हसले, बोटाने बिल्ला दाखवू लागले.

"गद्दार!" कुणीतरी ओरडलं.

जावईबापूंनी आकाशाकडे पाहिलं, जणू वाऱ्याची दिशा बघताहेत.

मागची माणसं निघाली. कुणी पोर कडेवर घेतलं, कुणी सायकल वळवली. मामा हेडफोन लावून, वायर पोचेल तिथपर्यंत येरझाऱ्या घालत पुटपुटत होते, "गेले. हेही गेले. अहो, थांबा की जरा, पुढे चांगलं बोलतील!"

पुढे साहेब त्याहून वाईट बोलले.

सभा संपल्यावर पक्षाचे सचिव आले. आता खरडपट्टी निघणार म्हणून जावईबापू खांबाआड सरकले.

"चूक झाली," मामा घाईघाईने म्हणाले, "जावई आहेत. ओरडताही येत नाही."

"असू द्या. उरलेल्या सगळ्या सभा तुमच्या. फक्त मागचे कर्णे काढायचे. तो माइकही."

"मग मागच्यांना ऐकू कसं जाणार?"

"कशाला जायला हवं? ऐकू गेलं की शिट्ट्या मारतात, उठून जातात, आणि टीव्हीवर तेवढंच दाखवतात. साहेबांचाही सूर जातो."

"पण पुढचे मत घरून ठरवून आलेत हो! ठरवायचं राहिलंय ते मागच्यांचं."

"पुढचे पुरेसे आहेत. केवढा आवाज होता, ऐकलात ना?"

"अहो, तो मी वाढवला होता!"

सचिव हसले. "म्हणूनच तर तुम्ही हवे आहात. हो की नाही, आत्ता सांगा. मला निघायचंय."

मामांनी वायर गुंडाळली. पुन्हा सोडली. फाटकापर्यंत गेले, परत आले. मागच्या मैदानात चिटपाखरू नव्हतं.

"नाही जमायचं," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "कर्णे काढायचे तर दुसरा माणूस बघा."

सचिव रागावलेसुद्धा नाहीत. चालता चालताच त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला.

जावईबापू खांबाआडून धावत आले. "मामा, अहो, हातातोंडाशी आलेला घास! माझ्या एका बोटापायी कशाला घालवता? पळत जा, हो म्हणा. आणि तुम्ही थोडेच त्या मागच्यांतले? तुम्ही तर पहिल्यापासून साहेबांचे!"

"दुपारपर्यंत होतो."