कडी आणा, कडी!

आमच्या ऑफिसातले किस्से मोडक्या खुर्च्यांसारखे साठत जातात. कुणी फेकत नाही, कुणी दुरुस्तही करत नाही. कुणाच्या लग्नात, ईदच्या शीरखुर्म्याला मी ते सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मला आणखी राग येतो! अरे, मी तक्रार सांगून राह्यली, तुम्हाले हसू कायचं येते? पण सांगणं काही सुटत नाही.

तर ऐका. यवतमाळात एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. माणसं चार. प्रफुल्ल सर मालक. आठ वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले, येताना तिथलं इंग्रजी घेऊन आले. अंकुश मुकुटबनचा. गजानन घाटंजीहून रोज एसटीनं येतो. आणि मी, नाझिया. माझ्या अब्बांचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, त्यामुळे पाना-पेचकस मला लहानपणापासून कळतात. कॉम्प्युटर नंतर कळला.

चौघांत बाई मी एकटीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

मागच्या उन्हाळ्यात कूलर बिघडला. पंखा फिरत होता, पण पंपातून पाणी चढत नव्हतं. अंकुशनं बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"काय करून राह्यला रे?"

"रिस्टार्ट करून राह्यलो, ताई."

दहा रिस्टार्ट झाल्यावर त्यानं ठरवलं की आता हातानंच पाणी टाकायचं. मग्ग्यानं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर, दर अर्ध्या तासाला. पण अर्धा तास झाला हे कळणार कसं? त्यासाठी या शहाण्यानं अख्खी दुपार खर्ची घालून एक प्रोग्राम लिहिला, तोही स्वतःच्या आवाजात! दर अर्ध्या तासाला त्याचा लॅपटॉप ओरडायचा, "पाणी टाका! पाणी टाका!"

दुसऱ्या दिवशी मी पंप काढून उघडला. आत रबर बँड अडकला होता, डब्याला लावतो तसला. काढायला दोन मिनिटं लागली. कूलर सुरू झाला. मी म्हटलं, "आता तो भोंगा बंद कर."

अंकुशचं तोंड उतरलं. "एवढ्या मेहनतीनं लिहिला, ताई. राहू द्या ना! चालून राह्यला, तर हात कायले लावायचा?"

तो अजून ओरडतो. यंदा भर थंडीतही ओरडत होता.

*

गजाननचं वेगळंच. हा माणूस तर्री पोह्याची प्लेट कीबोर्डच्या बाजूला नाही, कीबोर्डच्या वर ठेवून खातो. एक दिवस तर्री सांडली. बाकी सगळी बटणं वाचली, एकच गेलं, दोन टिंबांचं. आमच्या कामात ते बटण म्हणजे भाजीतलं मीठ.

नवा कीबोर्ड आणावा ना? छे! यानं शोध लावला की दुसरीकडून दोन टिंबं कॉपी करायची आणि हवी तिथे पेस्ट करायची. आठ महिने! आठ महिने हा माणूस टिंबं वाहून आणत होता आणि वर मलाच म्हणायचा, "ताई, सवय झाली की लई सोपं जाते."

मग व्हायचं तेच झालं. कळंबच्या एका शाळेसाठी आम्ही प्रवेशाचा फॉर्म बनवला होता. सकाळी सकाळी तिथल्या क्लार्कचा फोन.

"म्याडम, पोराचं नाव भरलं, जन्मतारीख भरली. मेथीत काय भरू?"

"कशात?"

"मेथीत. इथं लिहून आहे ना, 'वडिलांचे नाव येताना मेथी आणजा'."

गजाननच्या बायकोचा मेसेज! विसरू नये म्हणून त्यानं तो कॉपी करून ठेवला होता आणि दोन टिंबांच्या जागी तोच पेस्ट झाला. मी फोन ठेवला आणि अशी भडकले की खालचा दुकानदार वर बघायला आला. गजाननवर ढिम्म परिणाम नाही. कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बापा! मेथी राह्यलीच ना आणायची!"

*

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. 'सध्यापुरतं'. प्रफुल्ल सरांचा लाडका. खुर्चीच्या चाकाऐवजी वीट? सध्यापुरतं. खिडकीच्या काचेऐवजी कॅलेंडर? सध्यापुरतं. आम्ही प्रोग्राममध्ये एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवतो, तिथेही जागोजागी हाच शब्द. एकदा मी शोधत बसले, तर सगळ्यांत जुनी टीप निघाली, "सध्यापुरतं केलं आहे. सोमवारी नीट करतो."

कोणता सोमवार? लिहिणारा नोकरी सोडून गेला, त्याचं लग्न झालं, त्याची पोरगी आता शाळेत जाते! मी तणतणत सरांना नेऊन दाखवलं. सर कौतुकानं म्हणाले, "बघ, काय मजबूत लिहिलंय!"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

*

इथवर हसून घेतलंत ना? आता माझं ऐका.

ऑफिसात बाथरूम एकच. यंदा जानेवारीत दाराची आतली कडी निखळून पडली. मी त्याच दिवशी सरांना सांगितलं. लॅपटॉपवरची नजर न काढता ते म्हणाले, "हो हो, बघू. सध्यापुरतं चालवून घे."

चालवून घे! या तिघांचं काय जात होतं? मी दाराला आतून भरलेली बादली बांधली, ती सरकायची. आत बसून मुद्दाम खोकायचे. अंकुशला दया आली, त्यानं नेटवर्कची जुनी केबल दाराला बांधली. "ताई, आतून ओढून धरजा." एका हातात केबल, एका हातात मग्गा! शेवटी मी माझा उपाय काढला. सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत पाणीच प्यायचं नाही. यवतमाळच्या उन्हाळ्यात! समोर तो लॅपटॉप दर अर्ध्या तासाला "पाणी टाका" म्हणून ओरडतोय आणि माझ्या घशाला कोरड.

मे महिन्यात डोकं ठणकायला लागलं, मग लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई रागावल्या. "पाणी काहून पीत नाही?" काय सांगू त्यांना? ऑफिसात तीन इंजिनिअर आहेत आणि एक कडी नाही, असं सांगू?

गोळ्या पर्समध्ये टाकून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "कडी आणा, कडी!"

त्यावर मीटिंग झाली. कडीवर मीटिंग! फळ्यावर चौकोन निघाले, बाण निघाले. मग गजाननने तीन दिवस सगळं काम बाजूला ठेवून बाथरूमच्या छताला सेन्सर बसवला आणि त्याचं ॲप बनवलं. आत काही हाललं की मोबाइलवर लाल, 'आत आहे'. नाहीतर हिरवं, 'रिकामं'. समोसे वाटले. सर म्हणाले, "नाझिया, कडी म्हणजे जुनं सोल्युशन. हे बघ, उद्या दहा बाथरूम असले तरी चालेल."

आमच्याकडे बाथरूम एक आहे हो!

चौथ्या दिवशी गजाननने धाडकन दार उघडलं. आत मी होते.

मी किंचाळले आणि दार ओढून घेतलं. बाहेर आले तेव्हा रागानं रडू येत होतं. त्याला जे बोलले ते इथे सांगत नाही. गजाननचा चेहरा पांढरा पडला होता, पण मोबाइल पुढे करत तो म्हणाला, "आईशप्पथ ताई, रिकामं दाखवून राह्यलं होतं! तीन मिनिटं काही हाललं नाही की ते हिरवं होते. तुम्ही आत बसल्या बसल्या जरा हात हालवत राह्यजा ना!"

हात हालवत!

सरांनी आपल्या टेबलावरूनच निकाल दिला. "पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. सध्यापुरतं..."

माझ्या हातात अजून मग्गा होता. तो मी त्यांच्या टेबलावर आपटला आणि घरी निघून गेले.

*

घरी म्हणजे आधी गॅरेजवर. अब्बांना असलं सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं. अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ड्रिल मशीन पिशवीत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानदाराकडून किल्ली घेऊन आम्ही दोघं बाथरूमसमोर उभे.

"अंदर से लगानी है के बाहर से?" अब्बांनी विचारलं.

"दोनों तरफ से, अब्बा."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्हीकडून कड्या बसवल्या. पाच महिने जे काम झालं नव्हतं, त्याला वीस मिनिटं लागली.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास लाइट गेली. कूलर थांबला, सेन्सर बंद पडला. ऑफिस एकदम शांत झालं आणि बाथरूमचं दार आतून धडधडायला लागलं.

"अरे, बाहेरून कडी कोणी लावली?"

सरांचा आवाज! त्यांचा फोन इकडे टेबलावर. अंकुश आणि गजानन ताडकन उठले. गजाननने सवयीनं आधी मोबाइल बघितला. "सर, इथं तर रिकामं दाखवून राह्यलं!"

"मी आत आहे, गजानन!"

"मग जरा हात हालवून पाहा ना, सर."

दार आणखी जोरात धडधडलं. तेवढ्यात बॅटरीवरचा अंकुशचा लॅपटॉप ओरडला, "पाणी टाका! पाणी टाका!" अंकुश कडी काढायला धावला. मी दारासमोर जाऊन उभी राहिले. तो जागच्या जागी थांबला.

"नाझिया? नाझिया, तू आहेस का तिथे? कडी काढ ना!"

"हो हो, बघू," मी म्हटलं. "सध्यापुरतं चालवून घ्या, सर."

मग मी माठाकडे गेले आणि ग्लासभर गार पाणी प्यायले. मग आणखी एक ग्लास.