केकच्या आतला रंग

कॉर्बिट्स मिल या गावात मूल बोलायला लागलं की त्याला दोनच प्रश्न विचारतात. नाव काय, आणि ब्रॅनन की ओकोला? पहिल्याचं उत्तर चुकलं तरी चालतं. ब्रॅनन युनिव्हर्सिटी उत्तरेला दोन तासांवर, तिचा रंग गडद निळा. ओकोला स्टेट पूर्वेला दीड तासावर, तिचा मरून. दोघींची अमेरिकन फुटबॉलची मॅच नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या शनिवारी असते आणि त्या दिवशी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पास्टर दरवर्षी क्षमेवरच बोलतात, ते काही उगाच नाही.

अशा गावात मिस अर्लीन स्ट्रिबलिंग (इकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) यांनी साठ वर्षं काढली, पण आपण कुणाच्या बाजूच्या याची ताकास तूर लागू दिली नाही. नवरा हॉलिस कट्टर ओकोलावाला. त्याचा ट्रक मरून, टपालपेटी मरून, कुत्र्याचा पट्टासुद्धा मरून.

"अगं, निदान मला तरी सांग," तो म्हणायचा. "अडतीस वर्षं संसार झाला. मी कुणाबरोबर राहतोय हे मला कळायला नको?"

"जी तुला जेवायला घालते तिच्याबरोबर," असं म्हणून मिस अर्लीन त्याच्या ताटात आणखी एक कॉर्नब्रेडचा तुकडा टाकायच्या. हॉलिसचं तोंड बंद करायला एवढं पुरे होतं.

काउंटी हायस्कूलच्या भोजनगृहात त्या सत्तावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. केसांवर जाळी, पायात पांढरे बूट, आणि नजर सतत परत येणाऱ्या ताटल्यांवर. पोरं काय बोलतात याकडे त्यांचं लक्ष नसे, काय टाकतात याकडे असे. कुणाच्या घरी भांडण चाललंय, कुणाचं प्रेम जमलंय, कुणी गणितात नापास होणार आहे, सगळं त्या उष्ट्या ताटलीवरून सांगायच्या. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसं. आणि सहसा चुकायच्या नाहीत. याचा त्यांना थोडा गर्वही होता. नव्हता असं कशाला म्हणा.

आता केकचं सांगायला हवं. दुसऱ्या गावांत मुलगा कॉलेजच्या टीमकडून खेळायची सही करतो तेव्हा टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडतात, तो एक उचलून डोक्यावर घालतो, झालं. आमच्या गावात केक कापतात. बाहेरून पांढराशुभ्र, आणि आतला रंग तो मुलगा ज्या कॉलेजला जाणार त्याचा. एकोणीस वर्षांपूर्वी मिस अर्लीननी एका पोराच्या हौसेखातर पहिला केला आणि मग ती रीतच पडली. पहिल्या वर्षी फजिती झाली होती. मरून करायचा म्हणून त्यांनी नुसता लाल रंग ओतला. केक कापला तर आतून भडक लाल निघाला, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचा! पोराच्या मामानं खुर्ची फेकली. तेव्हापासून त्या लाल रंगात चार चमचे कोको घालतात. मरून कसा नेमका उतरतो.

मुलानं आदल्या दिवशी येऊन मिस अर्लीनच्या कानात रंग सांगायचा, आणि त्यांनी तो पोटात ठेवायचा. आईबापांना नाही, कोचला नाही, हॉलिसला तर नाहीच नाही. एकोणीस वर्षांत एकदाही फुटला नाही. एके वर्षी बायरमच्या दुकानात कोण काय घेतं यावरून लोकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली, तेव्हापासून मिस अर्लीन निळा, लाल आणि कोको तिन्ही एकदम घ्यायला लागल्या. बायरम गल्ल्यावरून डोळा मारायचा. त्या म्हणायच्या, "डोळ्यात काही गेलंय का रे तुझ्या?"

यंदा गाव जरा जास्तच पेटलं होतं, कारण यंदा जेरिको ग्रँटम होता. सहा फूट पाच इंच, वजन दोनशे साठ पौंड, आणि मैदानात समोरच्याला आडवं करणं हे त्याचं काम. राज्यातला असा पोरगा राज्याबाहेर जाऊ द्यायचा नाही यावर दोन्ही कॉलेजांचं एकमत होतं. पण तो दुसऱ्या कॉलेजात जाण्यापेक्षा राज्याबाहेर गेलेला बरा, यावरही एकमत होतं. सप्टेंबरपासून दोन्हीकडचे कोच आळीपाळीनं शाळेत यायचे. आले की भोजनगृहात रांगेत उभे राहायचे आणि मिस अर्लीनच्या कोबीची तारीफ करायचे.

"मॅडम, असा कोबी माझ्या आईनंतर आजच खाल्ला," ब्रॅननचा कोच म्हणाला.

"मग आईला फोन करा," मिस अर्लीन म्हणाल्या. "तिला बरं वाटेल. पुढे सरका, मागे पोरं उभी आहेत."

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सही. मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर जेरिको स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं वाकून आत आला. त्या दारातून त्याला नेहमी वाकूनच यावं लागायचं. मिस अर्लीन लोणी आणि साखर फेटत होत्या. त्यांनी यंत्र बंद केलं आणि सवयीनं कान पुढे केला.

तो कानाशी आला नाही. दुधाच्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"मिस अर्लीन, तुम्हीच ठरवा."

"काय ठरवू?"

"रंग. तुम्हाला हवा तो घाला. उद्या मी कापेन आणि जो निघेल तिकडे सही करेन. दोन्हीकडचे कागद आहेतच."

"वेडा आहेस का रे?"

"खरंच सांगतोय. आई म्हणते, तुला हवं ते कर बाळा, आणि निळा स्वेटर घालून म्हणते. बाबा म्हणतो, तुझी मर्जी, आणि म्हणताना आजोबांची ओकोलाची टोपी जेवायच्या टेबलावर ठेवतो. ते दोघं महिनाभर एकमेकांशी धड बोललेले नाहीत. मी कुणाचंही नाव घेतलं की दुसऱ्याचं मन मोडणार. केकचा रंग निघाला तर निघाला. मला नाव घ्यावं लागणार नाही."

मिस अर्लीननी त्याच्याकडे नीट पाहिलं. थँक्सगिव्हिंगपासून त्याची ताटली अर्धी भरलेली परत येत होती. एवढा मोठा पोरगा, आणि अर्धी ताटली.

"ब्रॅननला भेटीला गेला होतास, तेव्हा काय जेवलास?" त्यांनी विचारलं.

"स्टेक. हा एवढा."

"संपवलास?"

"नाही मॅम. दोन घास खाल्ले."

"आणि ओकोलात?"

"खिम्याचा मीटलोफ. कुस्करलेले बटाटे. मग परत मीटलोफ." तो जरासा हसला. "तिथल्या बाईंनी तिसऱ्यांदा वाढलं ते संपवूनच मी उठलो."

"बरं. जा घरी," त्या म्हणाल्या. "मी बघते."

तो वाकून बाहेर गेला. मिस अर्लीनना आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. स्टेक टाकणारा आणि मीटलोफ तीनदा घेणारा पोरगा कुठं सुखी राहील, हे सत्तावीस वर्षं ताटल्या बघितलेल्या बाईला कळणार नाही तर कुणाला? त्यांनी कोकोचा डबा काढला, झाकण उचललं, चमचा भरला. लाल रंगाची बाटली शेजारी उघडी होती. शिवाय हॉलिस किती खूश होईल, हेही मनात येऊन गेलंच. माणूस आहे, येणारच.

चमचा पिठावर धरलेला तसाच राहिला. आजवर एकोणीस केक केले, पण रंग प्रत्येक वेळी पोराच्या तोंडून आला होता. त्यांनी फक्त कालवला होता. उद्या ओकोला पहिली मॅच हरली, किंवा पोराचा गुडघा गेला, तर तो म्हणणार, केकनं पाठवलं. चाळिशीला आला तरी म्हणणार. पोराच्या ताटात काय वाढायचं ते त्या रोज ठरवत होत्या. त्याच्या तोंडून काय बाहेर यावं हे मात्र त्यांचं काम नव्हतं. उद्या भर गावासमोर त्याची पंचाईत होईल, तो आपल्यावर चिडेल, कदाचित पुन्हा या दारानं येणारही नाही, याची त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी त्यांनी चमचा परत डब्यात उलटा केला.

बुधवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. डावीकडे निळे, उजवीकडे मरून, मधल्या वाटेवर फक्त पास्टर. टेबलामागे जेरिको, एका बाजूला निळ्या स्वेटरमधली आई रोझेटा, दुसऱ्या बाजूला हातात जुनी टोपी घेतलेला बाप लमार. मिस अर्लीन ॲप्रन न सोडता भिंतीशी उभ्या होत्या.

जेरिकोनं सुरी घातली. पहिला तुकडा ताटलीत आडवा पडला.

पिवळा. साधा, लोण्याचा, रविवारी घरी करतात तसा पिवळा.

मागून कुणीतरी विचारलं, "पिवळा कुणाचा रे?" दुसरा म्हणाला, "ओहायोकडच्या कुठल्या कॉलेजचा असेल का?" उजवीकडून हॉलिसचा आवाज आला, "अर्लीन, तू रंग विसरलीस!" जेरिकोनं वळून भिंतीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग भीती, आणि तो पुन्हा दहा वर्षांचा दिसायला लागला.

"विसरले नाही," मिस अर्लीन म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "केक कसा आहे ते मी सांगते, जेरिको. लोण्याचा आहे, ताजा आहे. कुठं जायचं ते तू सांग."

पोरानं सुरी खाली ठेवली. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"बाबा, माफ कर," तो म्हणाला. "मी ब्रॅननला जाणार."

डावी बाजू छतापर्यंत उसळली. लमार तेवढा जागचा हलला नाही. टोपी हातात दोनदा फिरवली, मग आपल्या डोक्यावर घातली आणि पोराच्या मानेवर हात ठेवला.

"माफी कसली मागतोस?" तो म्हणाला. "तोंडानं सांगितलंस, बरं केलंस. केकनं सांगितलं असतं तर मी काय केकशी भांडायचं?" रोझेटा खदखदून हसली, आणि हसता हसता तिनं नवऱ्याची तिरकी बसलेली टोपी सरळ केली. ओकोलाची टोपी, आणि ब्रॅननवालीनं! लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विश्वास ठेवला.

तासाभरानं मिस अर्लीन स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. जेरिको रिकामी ताटली घेऊन मागच्या दारानं वाकून आत आला. तीन तुकडे खाल्ले होते म्हणे. ताटलीवर कण नव्हता.

"तुमच्यावर जाम चिडलो होतो," तो म्हणाला.

"दिसलं मला. आता?"

"आता भूक लागलीय."

त्यांनी कालचा राहिलेला मॅकरोनी गरम करायला ठेवला, आणि राहवेना म्हणून विचारून टाकलं. "पण काय रे, ब्रॅननचा स्टेक तर तू दोन घासांत टाकलास. आवडला नाही ना?"

"आवडला नाही? मिस अर्लीन, तो घशाखालीच उतरेना. त्या मैदानात पाय ठेवला आणि मला कळलं, मला इथंच यायचंय. पोटात नुसते गोळे येत होते. ओकोलात काय, मी मामाच्या घरी असल्यासारखा निवांत. तिकडे जायचं नाही हे ठरलंच होतं. मग खायला काय हरकत होती?"

मिस अर्लीन त्या दुधाच्या क्रेटवर बसल्या. काल त्यांचा हात आणखी दोन इंच पुढे गेला असता, तर हा पोरगा आज मुकाट्यानं मरून कागदावर सही करून घरी गेला असता, आणि जन्मभर कुणाला काही बोलला नसता. मॅकरोनी करपायला लागला तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी जेरिकोनंच शेगडी बंद केली.

चार वाजता हॉलिस मरून ट्रक घेऊन न्यायला आला. तोंड पाडून बसला होता, आणि मिशीला पिवळा चुरा लागलेला होता.

"एक सांग," गाव मागे पडल्यावर तो म्हणाला. "तुला आधीच माहीत होतं ना, तो ब्रॅननला जाणार म्हणून?"

"नाही. मला वाटलं होतं, ओकोला. अगदी खात्री होती."

हॉलिसनं ट्रक बाजूला घेऊन थांबवला. "म्हणजे तू ओकोलावाली! अडतीस वर्षांनी कबूल केलंस!"

"नाही रे बाबा," मिस अर्लीन म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत डोळे पुसू लागल्या. "म्हणजे मी चुकले होते. सत्तावीस वर्षांत एवढी कधी चुकले नव्हते, हॉलिस, आणि देवाशपथ सांगते, एवढं बरंही कधी वाटलं नव्हतं. चल, घे गाडी."