बाबांच्या जखमेवर लागलेलं माझं संशोधन

गेल्या मंगळवारी दुपारी नागपूरला लॅबमध्ये काम करत होते, तेवढ्यात सौंसरच्या घरून आईचा फोन आला. आवाज अगदी खुशीत... "बाबाची जखम भरूनच नाही राहिली, म्हणून तुह्या बाटलीतली दवा लावली वं मी. दोन दिवस झाले."

माझ्या हातातलं काम तिथेच थांबलं.

बाबांना जुनी शुगर आहे. संत्र्याच्या बगीच्यात काटा रुतून टाचेला झालेली जखम महिनाभर चिघळत होती. आणि त्या बाटलीत औषध नव्हतंच... माझ्या पीएचडीचे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण होते. तोडलेल्या संत्र्यांवरची बुरशी त्यांनी थांबते का, ते बघायला मी ती बाटली दिवाळीत घरी नेली आणि तिथेच विसरून आले. चूक माझीच.

हे कण नुसते ठेवले तर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणून मी त्यांच्यावर एक रासायनिक थर चढवते. त्या थरामुळे ते जंतूंना घट्ट चिकटतात, मारतात... घरी एवढंच सांगितलं होतं, तेही मोठ्या तोऱ्यात.

सांगितलं नव्हतं ते हे... पंधरा दिवसांपूर्वी तेच कण मी माणसाच्या त्वचेच्या पेशींवर टाकून बघितले होते. पेशीही मेल्या होत्या.

"आई, पाय स्वच्छ पाण्यानं धू आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने," एवढंच बोलले आणि बस पकडली. तिगावच्या मामांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता. वाटेत सावनेर गेलं, पुढचं काही दिसलंच नाही... डोळ्यांसमोर फक्त तो पाय.

दवाखान्यात पोचले तेव्हा जखमेच्या कडा पांढऱ्याफटक पडलेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, बाटलीत नेमकं काय होतं? मी सगळं सांगितलं. मेलेल्या पेशींचंही.

बाबा म्हणाले, "हे तुह्या सरांले माहीत हाय?"

"नाही."

"काहून?"

खरं तेच सांगितलं... पेपर अडकेल म्हणून तो रिझल्ट मी कच्च्या वहीतच ठेवला होता. पुन्हा करून बघू, बरा येईल, असं स्वतःला समजावत होते.

बाबा चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "तुह्या आईनं तं एकाच पायाले लावलं, बेटा. उद्या तू छापलं, तं किती जन लावतीन?"

ड्रेसिंग रूमबाहेरच्या बाकावर बसून मी माझ्या गाइड सरांना मेल लिहिला. वहीच्या पानाचे फोटो जोडले. आणि सेंड दाबलं.

डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, रोजचं ड्रेसिंग सुरू केलं. काल पट्टी उघडली तर खाली गुलाबी मांस दिसलं. पाय वाचला! बाटली घरी नेल्यावरून सर खूप रागावले, रागावायलाच हवं होतं. मग म्हणाले, थर बदल, पहिल्यापासून सुरुवात कर.

आता जंतूंच्या आधी पेशींवर टेस्ट लावते. बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून मी लपवलेलं बाहेर काढलं. तुम्ही विचारलं नसतं तर मी काढलं असतं का... याचीच आता जास्त भीती वाटते.