आधी आड बघितला

सोयरीक जुळवायला गेल्यावर सोजरबाई मुलाच्या घरी बैठकीत बसत नसत. पुरुष ओसरीवर टेकले, पानसुपारीचं तबक फिरायला लागलं की त्या सरळ स्वयंपाकघरात जात. रांजणात कोपरापर्यंत हात घालून पाणी किती आहे ते बघत. मग भरलेली घागर कमरेवर घेऊन दोन-चार पावलं चालत. घरातल्या बायका गोंधळून बघत राहत. सोजरबाई त्यांना एवढंच विचारत, "हे कुठून आणता, माय?" बाहेर देण्याघेण्याचं काहीही ठरो, मुलगी द्यायची की नाही ते आत ठरलेलं असे.

मी एका दैनिकाची वार्ताहर म्हणून लातूरला आले तेव्हा जिल्हा नवा होता. बऱ्याच कचेऱ्या भाड्याच्या जागेत होत्या आणि लोकांना कोणता साहेब कुठे बसतो ते रस्त्यात विचारावं लागे. सोजरबाईंच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली. त्यांचे पती सदाशिव धान्याच्या मोंढ्यात हमाली करत. पहिल्याच दिवशी सोजरबाईंनी माझं लग्न झालंय का ते विचारलं. नाही म्हटल्यावर कारण विचारलं. मी म्हणाले, काम असतं. "काम तर मलाबी हाय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्यांचं माहेर रेणापूरच्या बाजूचं. घर बौद्ध झालं तेव्हा त्या लहान होत्या. घरात वंदना सुरू झाली, देव्हारा गेला. गावाची विहीर मात्र होती तिथेच राहिली. विहिरीपासून अंतर राखून घागरी मांडायच्या आणि कुणी वरून ओतेल याची वाट बघायची. कधी दुपार व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून वडिलांनी त्यांचं लग्न काढलं. दोन स्थळं आली. एका मुलाला शेत होतं. दुसऱ्याला काहीच नव्हतं, पण त्यांच्या वस्तीचा स्वतःचा आड होता. वडिलांनी मुलीला विचारलं. त्या काळात हे क्वचितच घडे. सोजरबाई म्हणाल्या, "बा, जिथं माझ्या हातानं शेंदता येतंय तिथं दे मला."

लग्न दुष्काळी कामावरच लागलं. बौद्ध लग्नाची पांढरी साडी उसनी होती. कामावर मिळणारी सुकडी साठवून ठेवली होती, तीच पाहुण्यांना वाटली. दुसऱ्या दिवशी सोजरबाईंनी आडात पोहरा सोडला. वर गढूळ पाणी आलं, तेही अर्धा पोहरा. "नवऱ्याचं तोंड मागून बघितलं मी," त्या सांगत, "आधी आड बघितला." सदाशिव जवळ बसलेले असले तर म्हणत, "आडाचं काही खरं नव्हतं. मी म्हणून टिकलो." हा संवाद मी अनेकदा ऐकला. दोघंही आपापलं वाक्य बदलत नसत.

सदाशिवना मोंढ्यात काम मिळाल्यावर घर लातूरला आलं. नात्यातल्या, ओळखीतल्या बायका मुलींसाठी सोजरबाईंना बोलावू लागल्या. त्या पैसे घेत नसत, पण एक अट घालत. मुलीला घराच्या मागे एकटीला नेत आणि विचारत, "कशापायी करायलीस लगीन?" बहुतेक मुली आधी रडत किंवा हसत. मग उत्तर देत. संध्याकाळी ज्वारी निवडताना सोजरबाई ती उत्तरं मला सांगत, नाव मात्र सांगत नसत. सुरुवातीला उत्तर बहुधा भाकरीचं असे. जिल्हा झाल्यावर ते बदललं. शिपाई असला तरी चालेल पण सरकारी हवा, लातुरात ठेवणारा हवा, असं मुली म्हणू लागल्या. पुढं सासू शिकू देईल का, घरात संडास आहे का, हे आलं. एकीनं सांगितलं होतं की बापाच्या नजरेसमोरून हलायचंय, कुठंही चालेल. एकीनं विचारलं होतं, दुपारी घटकाभर निजायला मिळेल का? "त्या पोरीसाठी लई हिंडले," सोजरबाई म्हणाल्या. "निजू देणारी सासू गावली न्हाई."

मुली काहीही सांगोत, सोजरबाई घर बघायला गेल्या की घागरच उचलत.

त्यांना एकुलती एक मुलगी होती, सुमन. ती बोलकी होती. शाळेतून आली की दप्तर न ठेवता माझ्या दारात उभी राहून दिवसभराचं सांगायची. कॉलेजात तिच्या वर्गात मुखेडकडचा गौतम नावाचा मुलगा होता. समाज एक, मुलगा अभ्यासू, शिक्षक व्हायच्या तयारीत. सुमननं आईला स्वतःच सांगितलं. सोजरबाईंनी तिलाही मागच्या दारी नेऊन तोच प्रश्न विचारला. मी खोलीत होते, मला ऐकू आलं.

"त्याच्याशी बोलताना माझं बोलणं संपतच नाही, माय."

"मग काय बोलणं पिऊन ऱ्हातीस तिथं?"

तरी त्या स्थळ बघायला गेल्या. मला सोबत घेतलं. भर उन्हाळ्यात एसटीनं मुखेडला उतरून पुढं चालत गेलो. घर सारवलेलं, माणसं सरळ. गौतमची आई नाल्यापलीकडच्या हापशावरून पाणी आणत असे. सोजरबाई तिच्याबरोबर गेल्या आणि भरलेली घागर घेऊन परत आल्या. लिंबाच्या सावलीत बसून त्यांनी घाम पुसला. पोरगं चांगलं आहे, घर चांगलं आहे, असं त्यांनी गौतमच्या आईला तोंडावर सांगितलं. एसटीत बसल्यावर मला म्हणाल्या, "न्हाई द्यायची." सुमन आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मग आई म्हणेल त्या स्थळाला हो म्हणाली.

तिला दिलं त्या मुलाचं नाव प्रकाश. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून, राहायला सरकारी क्वार्टर आणि स्वयंपाकघरात नळ. सोजरबाईंनी तो उघडून तळहात धारेखाली धरला आणि बराच वेळ काढला नाही. लग्न महिन्यात झालं.

प्रकाश दारू पीत नसत. त्यांनी सुमनवर कधी हात उचलला नाही. कचेरीतून येत, पेपर वाचत, जेवत, झोपत. सुमनला मुलगी झाली, प्रज्ञा. माहेरी आल्यावर सुमनला कुणी कसं चाललंय विचारलं तर ती म्हणे, "काही कमी नाही." सोजरबाई हे वाक्य शेजारणींना अभिमानानं सांगत. नंतर सुमन माझ्या खोलीत येऊन बसायची आणि बोलायला लागायची. तिच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी एक करडी मांजर यायची. तिला पिल्लं झाली, एक पिल्लू कोळशाच्या पोत्यात झोपतं, दुसऱ्याला दूध पाजावं लागतं, असं पुष्कळ. बाहेर प्रकाशची स्कूटर थांबली की ती वाक्य अर्धं सोडून उठायची.

तिचं पोट दुखत होतं, हे ती आडवी पडल्यावर कळलं. डॉक्टरांनी कधीपासून ते विचारलं. कित्येक महिने झाले, असं तिनं सांगितलं तेव्हा प्रकाश खोलीतच उभे होते. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "मला बोलली नाही." त्यात खोटं काही नव्हतं. सुमन त्या पावसाळ्यात गेली. प्रज्ञा तेव्हा शाळेत होती.

सोजरबाई सोयरिकीला जायच्या थांबल्या. बायका बोलवायला आल्या तर म्हणत, "मला न्हाई कळत त्यातलं." सदाशिवही मागोमाग गेले. ज्वारी निवडणं चालू होतं, पण त्या आता काही सांगत नसत.

लातूरचे नळ कोरडे पडले आणि पाणी रेल्वेनं आलं, त्या उन्हाळ्यात सोजरबाईंना घेऊन मी प्रकाशच्या घरी गेले होते. प्रज्ञा नांदेडला एका दवाखान्यात परिचारिका झाली होती, सुट्टीवर आली होती. सोजरबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ फिरवला. हवा फुसफुसली, बाकी काही नाही. त्यांनी तो बंद केला नाही. प्रज्ञानं येऊन बंद केला.

प्रज्ञासाठी स्थळं येत होती. आजीला ती म्हणाली की तिला पगार आहे, नांदेडला खोली आहे, हातपाय चालतात. "मग कशापायी करू? तू सगळ्यांना विचारायचीस ना, आज्जी? आता तूच सांग."

सोजरबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय दुखायलंय का म्हणून इचारणारा भेटला तर कर. न्हाई भेटला तर ऱ्हाऊ दे. पाणी काय, येतंय जातंय."

त्याच वर्षी पाऊस बरा झाला. त्या हिवाळ्यात सोजरबाई गेल्या. प्रज्ञानं लग्न केलेलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवून पांगली. आत बायका नळाखाली भांडी घासत होत्या. प्रकाश माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. केस पांढरे झाले होते. त्यांनी विचारलं, "सुमन तुमच्याकडं येऊन बसायची. काय बोलायची, ताई?"

मी म्हणाले, तसं साधंच. मांजराबद्दल पुष्कळ बोलायची.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडं मांजर होतं?"